न दिसणारी लुकलुक : संगणकाचा पडदा, जुने कार्ड आणि आपले डोळे

(संस्थेच्या वार्षिक सभेत नेत्रविभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, शाळांतील नेत्रतपासणी आणि चष्मेवाटप यांचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता आम्ही आज एका अशा तक्रारीविषयी बोलू इच्छितो, की जी शस्त्रक्रियागृहापर्यंत कधीच पोहोचत नाही, पण बाह्यरुग्ण विभागात मात्र रोज येते. ‘दिवसभर संगणकापुढे बसतो. संध्याकाळ झाली की कपाळ ठणकते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. चष्म्याचा नंबर वाढला असेल का, तेवढे पाहा.’ आम्ही नंबर तपासतो आणि पुष्कळदा तो जिथल्या तिथे असतो. मग दोष कोठे असतो? काही वेळा तो डोळ्यांत नसून डोळ्यांसमोरच्या पडद्यात असतो. आणि कधी कधी पडद्याच्याही मागे, संगणकाच्या पेटीत बसविलेल्या एका जुन्या कार्डात असतो.

हा विषय वैद्यकाचा की यंत्रांचा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो दोहोंच्या शिवेवर आहे आणि म्हणूनच तो दोघांच्याही हातून निसटतो. संगणक दुरुस्त करणारा म्हणतो, यंत्र व्यवस्थित चालू आहे. डॉक्टर म्हणतात, डोळे निरोगी आहेत. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि काम करणारा माणूस मात्र डोके धरून बसलेला असतो.

आमचे सांगणे एका वाक्यात असे आहे : पडदा स्थिर दिसणे ही एकट्या पडद्याची करामत नव्हे. पडदा, त्याला चित्र पुरविणारे व्हिडिओ कार्ड, दोघांना जोडणारी तार आणि संगणकातील मांडणी या चौघांनी मिळून ते काम करावयाचे असते. बैलजोडीतला जो बैल मंद, त्याच्याच चालीने गाडी चालते, तसे येथे घडते. त्यामुळे नवा, महागडा पडदा आणूनही त्रास तसाच राहू शकतो. आणि उलट, एकही रुपया न खर्चता केवळ मांडणी बदलून तो कमी होऊ शकतो.

पडदा खरोखर स्थिर असतो का?

पिक्चर ट्यूबचे जड, खोलगट मॉनिटर आता बाजारातून नाहीसे झाले आहेत. तरीही लुकलुक म्हणजे काय, हे त्यांच्यावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरून होत नाही. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत काचेच्या आतील फॉस्फरच्या लेपावर आदळत असे. झोत जेथे पडला तेथे ठिपका उजळे आणि झोत पुढे सरकताच क्षणार्धात मंदावे. झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रेखी, मग पुढची ओळ, असे करीत खालपर्यंत जाई आणि पुन्हा वरून आरंभ करी. याचा अर्थ असा, की संपूर्ण चित्र एकाच वेळी पडद्यावर कधीही नसे. ते सतत पुसले जाई आणि सतत नव्याने काढले जाई. एका सेकंदात ते जितक्या वेळा नव्याने काढले जाते, त्या संख्येला ‘रिफ्रेश रेट’ म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला साठ वेळा.

डोळ्यांना हे सारे एकसंध का दिसते? प्रकाशाची उघडझाप विशिष्ट वेगाच्या पुढे गेली, की मेंदू ती सलग प्रकाश म्हणून स्वीकारतो. चित्रपटगृहाच्या जुन्या यंत्रांत याच गुणाचा उपयोग केलेला असे. चित्रे सेकंदाला २४ असत. पण तेवढ्यावर लुकलुक जाणवते, म्हणून यंत्राची फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवी आणि पडदा सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा उजळे.

मात्र ही मर्यादा सर्वांची, सर्व वेळी सारखी नसते. प्रकाश जितका प्रखर, तितकी लुकलुक अधिक वेगापर्यंत जाणवते. पडदा जितका मोठा, तितकी ती अधिक जाणवते. समोर रोखून पाहताना जी दिसत नाही, ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसते. वाढत्या वयाबरोबर ही संवेदना काहीशी मंदावते. म्हणूनच एकाच पडद्यापुढे बसलेल्या तरुण मुलीला जो त्रास होतो, तो तिच्या साहेबांना जाणवत नाही आणि ती उगाच कुरकुर करते असा समज होतो. मंद प्रकाशाच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे असत, तेव्हा सेकंदाला ५० वेळांचा वेगही चालून जाई. शिवाय त्या हिरव्या फॉस्फरची चमक रेंगाळणारी असे. पुढे पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर काळी अक्षरे आली, पडदे मोठे झाले आणि जो वेग पूर्वी पुरत होता तो अपुरा ठरू लागला. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला ६० हर्ट्झ हा वेग अनेकांच्या डोळ्यांना खुपतो, ७५ ला बहुतेकांना आराम पडतो आणि ८५ ला लुकलुक सहसा कोणाला जाणवत नाही. स्वीडनमधील कर्मचारी संघटनांच्या महासंघाने पुरस्कृत केलेल्या ‘टीसीओ ९९’ या मानकात अशा मॉनिटरसाठी किमान ८५ हर्ट्झची अट घातलेली होती, ती याच कारणासाठी. ही अट कामगारांच्या बाजूने आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लुकलुक दिसेनाशी झाली म्हणजे ती संपली, असे नाही. डोळ्यांना मुळीच न जाणवणाऱ्या वेगाच्या उघडझापीलाही दृष्टिपटल प्रतिसाद देत असते. त्याच्या विद्युत्-नोंदीत तो प्रतिसाद आढळतो. इंग्लंडमधील आर्नोल्ड विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कार्यालयातील ट्यूबलाइटवर केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. जुन्या चोकवर चालणारी ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. ते कोणाला दिसत नाही. तरीही त्या ट्यूबच्या जागी अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक चोक बसविलेल्या ट्यूब लावल्यावर तेथील कर्मचाऱ्यांची डोकेदुखी व डोळ्यांचा ताण यांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. डोळा ज्याची तक्रार करीत नाही, त्याची तक्रार डोके करते, असा याचा अर्थ.

जुन्या कार्डाची मर्यादा

आता कोणी विचारील, की ८५ हा आकडा चांगला आहे तर तो सर्वांनी का ठेवला नाही? याचे उत्तर कार्डात आणि मॉनिटरच्या क्षमतेत दडलेले आहे. थोडे गणित सांगतो; ते कठीण नाही.

१०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे चित्र घेतले, तर पडद्यावर सुमारे ७ लाख ८६ हजार ठिपके होतात. ओळ लिहून झाल्यावर जसा हात पुन्हा डावीकडे आणावा लागतो, तसा झोतालाही परत यावे लागते. त्या रिकाम्या फेऱ्यांचा वेळ धरला, म्हणजे एका चित्रामागे जवळजवळ ११ लाख ठिपक्यांइतका वेळ लागतो. सेकंदाला ६० चित्रे काढावयाची तर कार्डाने सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके पुरविले पाहिजेत. ८५ चित्रे काढावयाची तर सुमारे साडेनऊ कोटी. संगणकातील आकड्यांचे विजेच्या चढउतारात रूपांतर करणारा जो भाग कार्डावर असतो, त्याचा वेग जेथे संपतो तेथे रिफ्रेश रेटही संपतो.

दुसरी मर्यादा कार्डावरील स्मृतीची, म्हणजे मेमरीची. १ मेगाबाइट मेमरीच्या कार्डात १०२४ गुणिले ७६८ चे चित्र फक्त २५६ रंगांत मावते. पासष्ट हजार रंग हवे असतील तर दीड मेगाबाइट लागते. म्हणजे कार्ड २ मेगाबाइटचे हवे. जुन्या कार्डांत आणखी एक अडचण अशी होती, की रंग वाढविले म्हणजे मेमरीतून सेकंदाला बाहेर काढावयाची माहिती वाढे आणि तेवढी ओढ त्या मेमरीला झेपत नसे. मग कार्ड रंग देई, पण वेग कमी करी. छायाचित्रे सुंदर दिसावीत म्हणून कोणी रंग वाढवी आणि त्याच क्षणी, नकळत, पडदा ७५ वरून ६० वर येई.

तिसरी मर्यादा मॉनिटरची. झोत सेकंदाला किती ओळी रेखू शकतो, यालाही अंत असतो. १५ इंचांच्या पुष्कळ साध्या मॉनिटरना सेकंदाला सुमारे ५४ हजार ओळींपर्यंतच मजल मारता येई. ८०० गुणिले ६०० चे चित्र ८५ हर्ट्झने दाखवावयाचे तर सुमारे ५३,७०० ओळी लागतात. ते त्याला जमे. १०२४ गुणिले ७६८ साठी ६० हर्ट्झला ४८,४०० ओळी लागतात, तेही जमे. पण ७० हर्ट्झला ५६,५०० लागतात. ते मात्र जमत नसे. मर्यादेबाहेरचा वेग लादला तर चित्र फाटे किंवा पडदा काळा पडे आणि फार जुन्या मॉनिटरना त्याने इजाही होऊ शके.

आणि चौथी मर्यादा, सर्वांत साधी व सर्वांत अधिक आढळणारी, ती मांडणीची. मॉनिटर कोणता आहे हे संगणकाला कळले नाही, तर तो सावधगिरी म्हणून ६० हर्ट्झ निवडतो. कार्ड सशक्त, मॉनिटर सशक्त आणि तरीही पडदा लुकलुकतो आहे, असे चित्र २००० च्या दशकात कार्यालयोकार्यालयी दिसे. यंत्र बसवून देणारा निघून गेला, की ती मांडणी उघडून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

एक उदाहरण सांगतो. त्या दशकाच्या आरंभी एका छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे येत असत. लग्नपत्रिका, हँडबिले, शाळांच्या प्रश्नपत्रिका असे मराठी मजकुराचे काम. दोन वेळा चष्मा बदलून झाला होता. आठवड्यातले चार दिवस दुपारनंतर डोके दुखे आणि काम सोडण्याचा विचार घरात चालू होता. घरातला तो एकच बांधा पगार होता. आमच्या विभागातील तंत्रज्ञांनी छापखान्यात जाऊन यंत्र पाहिले. १५ इंचांचा मॉनिटर, १०२४ गुणिले ७६८ चे चित्र आणि वेग ६० हर्ट्झ. त्यांनी चित्र ८०० गुणिले ६०० वर आणले, वेग ८५ केला, पडद्याची पाठ खिडकीकडे होती ती फिरवून घेतली आणि मॉनिटरला चिकटून ठेवलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर हातभर दूर केला. अक्षरे मोठी झाली, पान एकदम पूर्ण दिसेनासे झाले याची बाईंना थोडी अडचण वाटली. पण महिन्याभराने डोकेदुखी चार दिवसांवरून एखाद्या दिवसावर आली होती. ती सर्वस्वी गेली नाही. उरलेली गेली ती चाळिशीचा चष्मा पडद्याच्या अंतराला जुळवून दिल्यावर. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण प्रत्येक डोकेदुखीचे खापर पडद्यावर फोडणे हेही योग्य नव्हे.

स्टॅबिलायझर का हलविला, हेही सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. स्टॅबिलायझर, यूपीएस किंवा पंखा यांच्यातील चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांचा झोत ढकलते. पडदा ६० चा आणि वीज ५० ची असली, की दोहोंतील अंतराइतकी, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, चित्राची थरथर होते. ही लुकलुक नव्हे. पण त्रास तोच, आणि उपाय मात्र केवळ वस्तू दूर सरकविण्याचा.

अपस्माराच्या रुग्णांविषयी

या सभेत काही कुटुंबे अशी आहेत, की ज्यांच्या घरी अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा विकार असलेले मूल आहे. त्यांच्या मनातील भीती आम्हाला ठाऊक आहे. त्यांना वस्तुस्थिती स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांनाच प्रकाशाच्या उघडझापीने झटका येऊ शकतो. सर्वांत घातक वेग सेकंदाला साधारण १५ ते २५ वेळांचा असतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील ‘पोकेमॉन’ या मालिकेच्या एका भागात लाल व निळ्या रंगांची झगमग सेकंदाला सुमारे बारा वेळा झाली आणि सहाशेहून अधिक जणांना, त्यांत बहुतांश मुले, रुग्णालयात न्यावे लागले. यानंतर तेथे व अन्यत्र अशा दृश्यांवर मर्यादा घालण्यात आल्या. संगणकाचा ६० किंवा ८५ हर्ट्झचा पडदा या घातक टप्प्याच्या बराच वर असतो. परंतु त्या पडद्यावरील खेळात किंवा चित्रफितीत होणारी झगमग त्या टप्प्यात येऊ शकते. म्हणजे धोका बहुधा पडद्याच्या वेगापेक्षा पडद्यावर काय चालले आहे, यात असतो.

अशा मुलांनी दिवा लावलेल्या खोलीत, पडद्यापासून अंतर राखून बसावे. झोप मोडून खेळू नये. झगमग सुरू झाली व अस्वस्थ वाटले, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटल्याने नेहमी उपयोग होत नाही. औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. मुलाला प्रकाशाचा त्रास आहे की नाही, हे मेंदूच्या विद्युत्-आलेखाच्या तपासणीत, लुकलुकणारा दिवा दाखवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाहता येते. तपासणी न करता मुलाला सर्वच पडद्यांपासून व शाळेच्या संगणकापासून तोडणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल.

आजचे सपाट पडदे

पिक्चर ट्यूब गेली. मग हा प्रश्न मिटला का? पूर्णपणे नाही. त्याने रूप बदलले.

आजच्या एलसीडी पडद्यात ठिपका उजळून विझत नाही. नवे चित्र येईपर्यंत तो आपला रंग धरून ठेवतो. म्हणून येथे ६० हर्ट्झ हा वेग लुकलुकीच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि आपल्या जुन्या अनुभवाने ‘७५ करा, ८५ करा’ असा आग्रह धरण्याचे कारण नाही. पण ठिपक्यांच्या मागे जो दिवा असतो, तो लुकलुकू शकतो. अनेक पडद्यांत प्रकाश कमी करण्याची रीत अशी असते, की दिवा खरोखर मंद केला जात नाही. तो सेकंदाला दोनशे किंवा त्याहून अधिक वेळा बंद-चालू केला जातो आणि बंद राहण्याचा काळ वाढविला जातो. अनेक ओएलईडी पडद्यांच्या मोबाइल फोनमध्येही २४० हर्ट्झच्या आसपास असेच घडते. परिणाम असा, की रात्री अंधारात प्रकाश अगदी कमी करून वाचणाऱ्या माणसापुढे लुकलुक सर्वांत तीव्र असते. आणि त्याला वाटते, की आपण डोळ्यांची काळजी घेत आहोत. संवेदनशील व्यक्तींना याने डोकेदुखी होऊ शकते. उपाय सोपा आहे : खोलीत दिवा लावावा, पडद्याचा प्रकाश फार खाली नेऊ नये आणि नवा पडदा घेताना प्रकाश कमी करण्याची रीत कोणती, हे दुकानदारास विचारावे.

जुन्या कार्डाची मर्यादाही आज नव्या वेषात भेटते. मोठा, चौपट बारीक ठिपक्यांचा, म्हणजे फोर-के पडदा कोणी हौसेने घेतो आणि आठ-दहा वर्षांच्या संगणकाला जोडतो. कार्डाची जोडणी एचडीएमआय १.४ या २००९ च्या मानकाची असेल, तर ती एवढे मोठे चित्र सेकंदाला तीसच वेळा देऊ शकते. ६० साठी २०१३ चे २.० हे मानक किंवा त्यापुढचे लागते आणि मधली तारही तितक्या क्षमतेची लागते. सपाट पडद्यावर ३० हर्ट्झला लुकलुक होत नाही. पण माउसचा बाण अडखळत चालतो, मजकूर वर सरकविताना पुसट होतो आणि दिवसभर तो मजकूर वाचणाऱ्याचे डोळे थकतात. अशा वेळी पडदा १९२० गुणिले १०८० वर, ६० हर्ट्झने चालविणे हा विनाखर्चाचा मार्ग असतो. वीस वर्षांपूर्वी छापखान्यात जो उपाय केला, तोच हा.

येथे एक गोष्ट विसरू नये. पडद्यापुढील थकव्याचे एक मोठे कारण लुकलुकीत नसून आपल्या पापण्यांत आहे. जपानमधील संशोधकांनी १९९३ मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत असताना ती मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकापुढे केवळ ७ वेळा होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे का वाटते, याचे उत्तर त्या आकड्यांत आहे. आणि दिलासा देणारी गोष्ट अशी, की लुकलुकीमुळे दृष्टी जात नाही किंवा डोळा कायमचा अधू होत नाही. त्रास खरा असतो; पण तो दूर करता येणारा असतो.

देणगीदारांना विनंती

आता आम्ही ज्या कारणास्तव हा विषय या सभेपुढे आणला, त्याकडे येतो. आपल्यापैकी अनेकांनी आपल्या कार्यालयांतील, दुकानांतील वापरलेले संगणक रुग्णालयास दिले आहेत. केसपेपरची खिडकी, औषध भांडार, प्रयोगशाळा ही कामे त्या यंत्रांवर उभी राहिली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरच्या व्यवहारात ती शहाणपणाची आहे. पण रुग्णालयाला मात्र दात मोजावेच लागतात. केसपेपरच्या खिडकीवरील मुलगी आठ तास ज्या पडद्याकडे पाहते, त्यावर रुग्णाचे नाव, वय आणि रक्तगट उतरतो. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ त्याच पडद्यावरून दशांशचिन्हाची जागा वाचतो. थकलेल्या डोळ्यांनी येथे चूक झाली, तर तिची किंमत यंत्राची नसते, माणसाची असते.

म्हणून आमची विनंती अशी आहे. संगणक देताना पेटी, पडदा व तार ही एकत्र द्यावीत. नवा पडदा आणि फार जुनी पेटी अशी विजोड जोडी देऊ नये. पेटी केव्हा घेतली, ते वर्ष सोबत लिहून द्यावे. पिक्चर ट्यूबचे मॉनिटर आता आम्ही स्वीकारू शकत नाही. त्यांच्या काचेत शिसे असते आणि बंद केल्यानंतरही आत उच्च दाबाची वीज साठून राहू शकते; ते घरी उघडू नयेत, भंगारवाल्यास फोडावयास देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच गेले पाहिजेत. आणि ज्यांना रोख देणगी द्यावयाची आहे, त्यांनी ‘संगणकासाठी’ एवढेच न लिहिता ती खिडकीच्या दिव्यासाठी, खुर्चीच्या उंचीसाठी, तारेसाठीही वापरण्याची मुभा द्यावी. दान सत्पात्री असावे असे आपण म्हणतो. ते पात्र भरण्यास कधी कधी एक तारच कमी पडत असते.

विश्वस्त मंडळास आमची सूचना अशी, की रक्तदाबाच्या यंत्रांची जशी ठराविक काळाने तपासणी होते, तशी प्रत्येक पडद्याचीही वर्षातून एकदा व्हावी : चित्राचा आकार, रिफ्रेश रेट, प्रकाश, पडद्यावर पडणारी तिरीप आणि बसणाऱ्याची तक्रार. यास एका यंत्रामागे दहा मिनिटे पुरतात.

घरी काय पाहावे

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चार गोष्टी सांगून आम्ही थांबतो. घरातील पडद्यापुढे पेन्सिल वेगाने डावी-उजवीकडे हलवून पाहा. सलग पुसट पट्टा दिसला तर प्रकाश स्थिर आहे, वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर तो लुकलुकतो आहे. पडद्याचा प्रकाश वाढवून हाच प्रयोग पुन्हा करा; फरक दिसेल. संगणकाच्या मांडणीत चित्राचा आकार व रिफ्रेश रेट एकदा उघडून पाहा. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर, वीस फुटांपलीकडे, थोडा वेळ पाहा आणि पापण्या मिटा. इतके करूनही डोके दुखत राहिले, तर मात्र पडद्याला दोष देत बसू नका, आमच्याकडे या. रक्तदाब, काचबिंदू, चाळिशी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. आणि दृष्टी एकाएकी अंधुक झाली, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसू लागली किंवा उलट्यांसह डोळा दुखू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

मोतीबिंदू काढला की रुग्णाचा चेहरा उजळतो आणि त्या क्षणाचे छायाचित्र अहवालात छापता येते. सेकंदाला साठ ऐवजी पंचाऐंशी वेळा उजळणाऱ्या पडद्याचे छायाचित्र छापता येत नाही. त्यात काही दिसणारही नाही. पण त्या फरकाने एखाद्या घरातील पगार टिकतो, एखाद्या मुलाची शाळा सुटत नाही आणि एखादा रक्तगट बिनचूक लिहिला जातो. न दिसणाऱ्या अशा कामांसही आपला आश्रय मिळत राहावा, एवढीच प्रार्थना.